बंद पडून राहिलेले ऑइल इंजिन पुन्हा चालू करताना

सातारा व सांगली जिल्ह्यांतील बागायतीच्या इतिहासात ऑइल इंजिनाचे स्थान मोठे आहे. विजेच्या तारा गावोगाव पोहोचण्यापूर्वी विहिरीवरील मोटेची जागा प्रथम या इंजिनाने घेतली. कृष्णा, कोयना, वारणा व येरळा या नद्यांच्या काठी उसाला पाणी देण्याचे काम त्याने केले, आणि हंगामात गुऱ्हाळाचा चरकही त्यानेच फिरविला.

या यंत्राशी या मुलखाचा संबंध केवळ वापरापुरता नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळ, आपला कारखाना उभारला. ती किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. तेथून लोखंडी नांगर, उसाचे चरक व पंप बाहेर पडू लागले, आणि पुढे १९४६ साली या उद्योगसमूहाने पुण्याजवळ खडकी येथे ऑइल इंजिनांसाठी वेगळी कंपनी स्थापन केली. सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात सातारा रोड येथे धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. त्यामुळे या भागातील जुन्या खोपटात पडलेले इंजिन हे पुष्कळदा याच मुलखातील माणसांनी उभारलेल्या उद्योगाचे फळ असते.

पुढे विजेचे पंप आले आणि इंजिने बाजूला पडली. कोणी ते विहिरीच्या काठी तसेच सोडले, कोणी गोठ्याच्या कोपऱ्यात ढकलले, कोणी त्यावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. आज तीच इंजिने पुन्हा बाहेर काढली जात आहेत. शेतीपंपांस वीज ठराविक तासच मिळते. रोहित्र जळाले किंवा पुरात खांब पडले म्हणजे उभे पीक वाळू लागते. आणि काही घरांत वडिलोपार्जित यंत्र पुन्हा चालते करण्याची हौसही असते. हेतू कोणताही असो, एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. पडून राहिल्याने इंजिनाचे जे नुकसान होते त्यातील बरेचसे दुरुस्त होण्याजोगे असते; परंतु घाईने मारलेल्या पहिल्या हँडलामुळे जे नुकसान होते ते पुष्कळदा दुरुस्तीपलीकडे जाते.

पडून राहिलेल्या इंजिनात काय घडते

डिझेल इंजिनाचे तत्त्व सोपे आहे. १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे रुडॉल्फ डिझेल यांनी ते यशस्वी करून दाखविले. सिलिंडरातील हवा पिस्टनने दाबून नेहमीच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनात मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या किंवा सतराव्या हिश्श्यात आणली जाते. एवढ्या दाबाने हवेचे तपमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. म्हणजेच इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: दाब टिकविणारे सिलिंडर, बारीक फवारा देणारे नोझल, आणि फिरणाऱ्या भागांत वंगण. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने नेमक्या याच तीन गोष्टी बिघडतात.

सिलिंडराचा शत्रू गंज होय. इंजिन चार फेरांचे असल्याने ते कोठेही थांबले तरी एखादी झडप उघडी राहण्याचा संभव असतो. धुराड्याचे तोंड आभाळाकडे असले आणि त्यावर झाकण नसले, तर पावसाचे पाणी उघड्या झडपेतून थेट पिस्टनच्या डोक्यावर साचते. पाऊस आत न गेला तरी दिवसाची ऊब व रात्रीचा गारवा यांमुळे हवेतील बाष्प थंड लोखंडावर दवासारखे जमते. मग पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटून बसतात.

नोझल व डिझेल पंप यांचे भाग अत्यंत नाजूक असतात. नोझलची सुई आणि तिचे घर यांतील फट एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. जुने डिझेल आटून चिकट राळेसारखे होते व सुई जागेवरच धरून ठेवते. टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात सूक्ष्म जंतू वाढतात आणि त्यांचा काळा बुळबुळीत थर फिल्टर बुजवितो.

वंगणाचीही तीच गत होते. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले व पाणी मिसळलेले असते. असे तेल खाली ठेवून इंजिन वर्षानुवर्षे उभे राहिले तर बेअरिंगांवर व क्रँकवर बारीक खड्डे पडतात.

दोषांचे स्वरूप जागेप्रमाणे बदलते. महाबळेश्वरच्या बाजूस वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत या भागांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून जावळी किंवा पाटणच्या खोऱ्यातील इंजिनात गंज प्रथम पाहावा. जत किंवा आटपाडीकडील इंजिनात धूळ, उंदरांची बिळे व कुंभारीण माशीची मातीची घरटी प्रथम शोधावी. धुराड्यात किंवा हवेच्या नळीत बसलेले एक घरटेही इंजिनाचा श्वास कोंडण्यास पुरेसे आहे.

हँडलला हात लावण्यापूर्वी

इंजिन प्रथम बाहेरून स्वच्छ करावे. नावाच्या पट्टीवरील क्रमांक, अश्वशक्ती व दर मिनिटाचे फेरे वहीत उतरवून घ्यावेत, कारण सुटे भाग मागविताना याच माहितीचा उपयोग होतो. पितळी पट्टी घासून तिची अक्षरे घालवू नयेत. काढलेला प्रत्येक भाग निघाला त्या क्रमाने फळीवर मांडून ठेवावा.

त्यानंतर धुराडे व हवेची गाळणी काढून दोन्ही तोंडांत विजेरीने पाहावे. माती, घरटे, पाणी किंवा गंजाचा चुरा दिसल्यास तो चिमट्याने किंवा वाकविलेल्या तारेने बाहेर ओढावा; आत ढकलू नये. ज्या गाळणीत तेल भरलेले असते तिचे जुने तेल व गाळ काढून ती रॉकेलने धुवावी आणि नवे तेल केवळ खुणेपर्यंतच भरावे. खुणेच्या वर तेल गेल्यास ते इंजिनात ओढले जाते व डिझेलप्रमाणेच जळू लागते. हा धोका किती गंभीर आहे ते पुढे सांगितले आहे.

आता नोझल काढावे. नोझल निघताच सिलिंडरास वरून एक वाट मोकळी होते. ही वाट मोकळी असल्याखेरीज इंजिन फिरविण्याचा विचारही करू नये. हवा दाबता येते, पाणी किंवा तेल दाबता येत नाही. पिस्टनच्या वर भांडेभर पाणी साचले असताना बंद सिलिंडरात पिस्टन जोराने वर नेला, तर पाणी हटत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अर्ध्या तासाची घाई एक पूर्ण भाग निकामी करते ती अशी.

नोझलच्या छिद्रातून निम्मे डिझेल व निम्मे स्वच्छ इंजिन तेल यांचे मिश्रण अर्धी वाटी ओतावे व इंजिन निदान एक रात्र तसेच ठेवावे. हे मिश्रण रिंगांच्या बाजूने हळूहळू झिरपते.

दरम्यान तळाच्या तेलाचा बूच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते प्रथम बाहेर येते. किती पाणी आले याकडे लक्ष द्यावे, कारण आतील गंजाचा तो पहिला पुरावा होय. नंतर बाजूचे झाकण उघडून चिखलासारखा गाळ काढावा व आतील भाग डिझेलने धुऊन न विसविशीत होणाऱ्या फडक्याने पुसावा. कापसाचा गाळा वापरू नये; त्याचे तंतू तेलाच्या बारीक वाटा बुजवितात.

जाम झालेला पिस्टन सोडविणे

दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, दोन्ही हातांनी धरून किंचित पुढे व किंचित मागे हलवून पाहावे. ते केसभर हलले तरी काम साधत आले असे समजावे. ज्या दिशेने हलते त्या दिशेने जोर न करता पुढे-मागे, पुढे-मागे असे करीत वाट मोकळी करावी. मधूनमधून आणखी मिश्रण सोडावे. नोझलच्या छिद्रातून तेल उडते, म्हणून तोंड बाजूस ठेवावे.

चाक अजिबात न हलल्यास आणखी तीन-चार दिवस मिश्रण मुरू द्यावे. हँडलला लांब नळी जोडून जोर लावणे, पट्टा घालून ट्रॅक्टरने ओढणे, किंवा विजेच्या मोटारीने फिरविणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. चिकटलेली रिंग त्या जोराने मोडते आणि तिचा तुकडा लायनरवर खोल ओरखडा काढतो. जेथे केवळ रिंगांचा खर्च होता तेथे मग लायनर व पिस्टन दोन्ही बदलावे लागतात.

एवढ्यानेही न सुटल्यास सिलिंडरचे डोके, म्हणजे हेड, उतरवावे. लायनरच्या उघड्या भागावरील गंज बारीक पॉलिश कागदाने व तेलाने प्रथम साफ करावा, आणि कागदाचा चुरा पुसून घ्यावा. मग पिस्टनच्या डोक्यावर सपाट लाकडी ठोकळा ठेवून त्यावर हलके ठोके द्यावेत. गंज साफ न करता पिस्टन वर ओढू नये, कारण रिंगा त्या गंजावर अडकून तुटतात. हेड पुन्हा बसविताना नवे गॅस्केट घालावे व नट पुस्तिकेत दिलेल्या क्रमाने, थोडेथोडे करून आवळावेत.

पिस्टन सुटल्यावर लायनर नीट पाहावा. नखाला न लागणारे डाग असले तर ते चालून जातात. नख अडकेल असे खड्डे असले तर दाब टिकणार नाही. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांत लायनर वेगळा बसविलेला असतो व तो बदलता येतो.

झडपा, वंगण व पाणी

झडपांवरील झाकण काढून चाक हाताने सावकाश फिरवावे. प्रत्येक झडप खाली दबते व स्प्रिंगच्या जोराने पूर्ण वर येते की नाही, हे पाहावे. एखादी झडप खालीच राहिल्यास फिरविणे लगेच थांबवावे. तसेच चालू ठेवले तर पिस्टन झडपेवर आपटेल किंवा ढकलदांडी वाकेल. अडकलेल्या झडपेच्या दांड्यावर पातळ तेल सोडून ती हलक्या हाताने मोकळी करावी. झडपेची फट पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे, इंजिन थंड असताना, फीलर गेजने ठेवावी.

नवे तेल कारखान्याने सांगितलेल्या प्रतीचेच भरावे. तेल भरले म्हणजे ते बेअरिंगांपर्यंत पोहोचले असे नव्हे. म्हणून नोझल न बसविताच, डी-कॉम्प्रेशनचा खटका उचलून, इंजिन बराच वेळ हाताने फिरवावे. तेलाचा दाब दाखविणारा काटा किंवा खूण हलू लागेपर्यंत, अथवा वरच्या झडपांपाशी तेल दिसेपर्यंत ते फिरवीत राहावे. कोरड्या बेअरिंगावर इंजिनाची पहिली दोन मिनिटे म्हणजे कित्येक महिन्यांची झीज होय. याच फिरविण्याने सिलिंडरात ओतलेले तेलही बाहेर निघून जाते, आणि ते निघून जाणे आवश्यक आहे.

पाण्याच्या वाटेकडे बहुधा दुर्लक्ष होते. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत पापुद्रे धरलेले असतात व इंजिन उभे राहिल्यावर गंजाचा चुरा खालच्या नळीत बसतो. दोन्ही नळ्या काढून स्वच्छ पाण्याचा जोरदार प्रवाह उलट दिशेने सोडावा. जुन्या रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. चिरा पडलेल्या असल्यास बदलाव्यात. तेजाब वापरून पापुद्रे काढण्याचा प्रयोग घरी करू नये.

डिझेलचा मार्ग व नोझल

जुने डिझेल गाळून वापरण्याचा मोह टाळावा. टाकी काढून धुवावी, तळचा गाळ व गंज पूर्ण काढावा, फिल्टर नवा बसवावा आणि ताजे डिझेल भरावे. मग नळीतील हवा काढावी. प्रथम फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे. नंतर पंपावरील स्क्रूशी तसेच करावे. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पंप ती हवाच दाबीत राहतो आणि नोझलपाशी डिझेल पोहोचत नाही. इंजिन चालू न होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

नोझल कार्यशाळेत नेऊन हातपंपावर तपासून घ्यावे. चांगल्या नोझलचा फवारा धुक्यासारखा बारीक असतो, तो एकदम सुटतो व एकदम थांबतो. थेंब गळणारे किंवा पिचकारीसारखी धार सोडणारे नोझल वापरू नये. ही तपासणी चालू असता फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. वातावरणाच्या सुमारे दोनशे पट दाबाने सुटलेले डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते व प्रथम दुखतही नाही. परंतु आतील मांस सडू लागते व बोट किंवा हात गमवावा लागतो. असे घडल्यास जखम लहान दिसते म्हणून घरी न थांबता त्याच घटकेस रुग्णालय गाठावे आणि डिझेल आत शिरले आहे असे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

भरधाव सुटणारे इंजिन

पडून राहिलेल्या इंजिनाचा सर्वांत मोठा धोका ते चालू न होण्यात नसून, चालू झाल्यावर न थांबण्यात आहे. डिझेल पंपात एक दातेरी दांडी असते, तिला रॅक म्हणतात. ती पुढे-मागे सरकून डिझेल कमी-अधिक करते व गव्हर्नर तिला ताब्यात ठेवतो. जुने डिझेल चिकटून ही दांडी पूर्ण डिझेलच्या जागी अडकली असेल, तर इंजिन सुरू होताच त्याचे फेरे वाढतच जातात. अशा वेळी बिडाचे जड चाक फुटून त्याचे तुकडे चोहोंकडे फेकले जाऊ शकतात.

म्हणून नोझल बसविण्यापूर्वी रॅक बोटाने सरकवून पाहावी. ती अडखळता कामा नये. गव्हर्नरचे सांधेही तेल देऊन मोकळे करावेत, आणि थांबविण्याचा खटका ओढताच रॅक डिझेल पूर्ण बंद करते याची खात्री करावी. रॅक अडकत असेल तर पंप घरी न उघडता कुशल फिटरकडे द्यावा.

एवढे करूनही पहिल्या वेळी एक माणूस हवेच्या तोंडापाशी जाड, सपाट लाकडी फळी घेऊन उभा ठेवावा. इंजिन भरधाव सुटल्यास ती फळी तोंडावर घट्ट दाबावी. हवा बंद होताच इंजिन गुदमरून थांबते. हात किंवा फडके त्यासाठी वापरू नये, कारण ते आत ओढले जाते. नुसती टाकीची तोटी बंद करून उपयोग होत नाही, कारण नळीतील डिझेलवर इंजिन आणखी काही काळ चालतच राहते. चाकाच्या सरळ रेषेत कोणीही, विशेषतः मुले, उभी राहू नयेत. पहिल्या क्षणीच फळी लावता न आल्यास इंजिनाचा मोह सोडून दूर व्हावे.

पहिली सुरुवात

इंजिन उघड्या जागेत, घट्ट पायावर बोल्टांनी आवळलेले असावे. पंपाचा पट्टा काढून ठेवावा. धोतराचा सोगा, उपरणे, पदर किंवा सैल बाही यांपैकी काहीही चाकाजवळ लोंबू देऊ नये. हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलट झटका बसल्यास मनगट वाचते. खटका उचलून चाकास चांगला वेग आल्यावरच तो सोडावा. अर्धवट वेगात सोडल्यास झटका बसतो.

इंजिन सुरू झाले की आनंदाने भार टाकू नये. प्रथम दोन-तीन मिनिटेच चालवावे. तेलाचा दाब, पाण्याची धार व आवाज पाहून बंद करावे आणि गळती, सैल नट, तापलेले बेअरिंग तपासावे. नंतर दहा मिनिटे, मग अर्धा तास भाराविना, आणि त्यानंतर दोन-तीन तास निम्म्या भारावर चालवावे. आतील गाळ या वेळात सुटून तेलात मिसळतो, म्हणून एवढ्या कामानंतर ते तेल काढून पुन्हा नवे भरावे. नव्या तेलाचा हा दुहेरी खर्च अनाठायी नाही.

धुराचा रंग बरेच सांगतो. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर जाते; इंजिन तापल्यावरही तो राहिल्यास दाब कमी आहे, नोझल बिघडले आहे, किंवा आत पाणी शिरत आहे. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो. प्रथम थोडा वेळ तो दिसणे साहजिक आहे, परंतु टिकून राहिल्यास रिंगा पाहाव्यात. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त, किंवा भार अधिक.

विहिरीत उतरविलेले इंजिन

पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबाच्या बळावर. समुद्रसपाटीस सिद्धांताने ही मर्यादा १०.३ मीटर असली, तरी व्यवहारात पाण्याच्या पातळीपासून पंपाची उंची सहा ते साडेसहा मीटरहून अधिक ठेवून भागत नाही. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की शेतकरी इंजिन व पंप विहिरीतील टप्प्यावर उतरवितो. दुरुस्त केलेले जुने इंजिन असे उतरविणे जिवावर बेतणारे आहे.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्यावर प्राणवायू वाहून नेला जातो, त्यास हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाच्या धुरात त्याचे प्रमाण विशेष असते, आणि अपुऱ्या ज्वलनाचे डिझेल इंजिनही निर्धोक नव्हे. शिवाय विहिरीतील प्राणवायू इंजिन स्वतःच वापरून टाकते. आत उतरलेल्या माणसास चक्कर येते, तो पडतो. त्यास वाचविण्यास उतरलेला दुसराही पडतो. म्हणून इंजिन काठावरच ठेवावे व खोल पाण्यासाठी त्याच्या कामाजोगा वेगळा पंप निवडावा. विहिरीत इंजिन चालू असताना, किंवा ते बंद करून पुरेसा वेळ गेला नसताना, कोणीही खाली उतरू नये. कोणी पडलाच तर धाडसाने मागोमाग न उतरता इंजिन बंद करावे व अग्निशमन दलास बोलवावे.

पुरात बुडालेले इंजिन

सांगलीतील आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ व २०२१ सालीही नदीकाठ पाण्याखाली गेला. पुरात बुडालेल्या इंजिनास गंजापेक्षाही बारीक गाळाचा धोका अधिक असतो, कारण तो बेअरिंगांत पॉलिश कागदासारखे काम करतो. असे इंजिन चालवून पाहू नये. पाणी ओसरताच पहिल्या एक-दोन दिवसांत तळाचे पाणी व तेल काढावे, नोझल काढून सिलिंडर मोकळे करावे, सर्व भाग डिझेलने धुवावेत व भरपूर तेल लावून ठेवावे. पाण्याखाली असेपर्यंत गंज सावकाश चढतो. उघडी हवा लागताच तो झपाट्याने वाढतो. सवडीने दुरुस्त करू असे म्हणून महिनाभर ठेवलेले इंजिन पुष्कळदा भंगारातच जाते.

खर्च करावा की नाही

पिस्टन मोकळा झाला, लायनर गुळगुळीत निघाला व क्रँकवर खड्डे नाहीत, तर काम थोड्या खर्चाचे आहे. ते अवश्य करावे. लायनर खराब असून बाकी सर्व ठीक असल्यास लायनर, पिस्टन व रिंगा यांचा संच मिळतो की नाही, हे प्रथम पाहावे व नंतरच इतर भागांवर पैसा घालावा. क्रँकवर खोल खड्डे असतील, किंवा मूळ बिडाच्या सांगाड्यास तडा गेला असेल, तर पाण्याच्या कामासाठी त्यावर खर्च करू नये. असे इंजिन स्वच्छ करून घरची आठवण म्हणून जपावे. उभ्या पिकाची भिस्त त्यावर ठेवू नये.

पुन्हा ठेवताना

हंगाम संपला म्हणजे इंजिन पुढीलप्रमाणे ठेवावे:

१. इंजिन गरम असतानाच जुने तेल काढून नवे भरावे व पाच मिनिटे चालवावे.

२. पाण्याच्या जागेतील व पंपातील पाणी पूर्ण काढून टाकावे.

३. टाकी ताज्या डिझेलने काठोकाठ भरावी, म्हणजे आत दव जमण्यास जागा राहत नाही.

४. नोझल काढून सिलिंडरात दोन चमचे इंजिन तेल सोडावे, चाक हाताने चार-पाच वेळा फिरवावे व नोझल पुन्हा बसवावे.

५. दाबाच्या फेरात पिस्टन वर आला असता इंजिन थांबवावे. या स्थितीत दोन्ही झडपा मिटलेल्या असतात.

६. धुराड्यावर पत्र्याचे टोपण व हवेच्या तोंडावर घट्ट झाकण बांधावे.

७. इंजिन जमिनीपासून उंच, कोरड्या व हवेशीर जागी ठेवावे. त्यावर कडबा किंवा खताची पोती रचू नयेत. रासायनिक खत ओल धरते व लोखंड खाते.

८. दर पंधरवड्यास खटका उचलून चाक हाताने काही फेरे फिरवावे व शेवटी पुन्हा दोन्ही झडपा मिटतील अशा स्थितीत थांबवावे.

या सर्व कामास हंगामाच्या शेवटी एक सकाळ पुरते. ती सकाळ ज्याने दिली, त्याच्या इंजिनास पुढील उन्हाळ्यात पहिले हँडल निर्धास्तपणे मारता येते.